सहा पाण्यांचं मीठ

एम्स, आयोवा. जुलै.
गावाभोवती नुसता मका,
आणि मक्याला घाम येतो इथं, अगदी खरा घाम.
पानापानातून वाफ सुटते,
दुपारपर्यंत हवा ओल्या पंचासारखी
अंगाला चिकटते.
प्रयोगशाळेच्या तळघरात व्हर्लिन ट्याडन
दमटपणाचा काटा बघतो, मान हलवतो.
"आज बाटली उघडायची नाही, हॅमंगी."

बाटलीत निओडिमियम क्लोराइड.
दुर्मिळ मृदा म्हणतात या कुळाला.
दुर्मिळ नाही. जमिनीच्या पोटात शिशाहून जास्त आहे.
मृदा तर नाहीच.
नाव पडलं ते पडलं.
मी तरी कुठे हॅमंगी आहे.

उन्हात धरली की पूड जांभळट,
जांभूळ खाऊन दहा चुळा भरल्यावर
जिभेवर उरतो तेवढाच रंग.
ट्यूबलाइटखाली तीच पूड निळसर, राखी,
रस्त्यात भेटून ओळख न दाखवणाऱ्या माणसासारखी.
उजेडातला पिवळ्याचा एक बारीक पट्टा ती गिळते,
आणि ट्यूबलाइट तिला वेगळंच ताट वाढते.
एवढंच आहे ते. तरी दर वेळी
मी बाटली खिडकीशी नेऊन खात्री करते.

आत, जिथे डोळा पोचत नाही,
एकेका धातूकणाभोवती नऊ क्लोरीन:
तीन पायाशी, तीन डोक्याशी,
तीन कमरेला. नऊवारीच म्हणा.
पण एकही क्लोरीन त्याच्या एकट्याचा नाही,
प्रत्येक जण तीन घरांत वाटलेला.
नऊ शेजारी, आणि वाट्याला येतात तीन.
व्हर्लिनला हे सांगितलं तर म्हणाला,
"आमच्या चर्चमध्येही असंच आहे."

मार्चमध्ये त्याची लव्होन गेली.
चौथ्या दिवशी तो कामावर हजर,
क्वार्ट्झच्या नळ्या ज्योतीवर धरून
त्यांची तोंडं बंद करत राहिला.
एकही नळी गळली नाही.

जूनमध्ये चूक माझी झाली. झाकण सैल राहिलं.
सकाळी पूड ओलसर, गुलाबी, ढेकळं झालेली.
कणामागे सहा पाणी पिऊन बसली होती.
मी म्हटलं, तापवू, वाळेल.
"नाही वाळत," व्हर्लिन म्हणाला.
"नुसती आच दिली तर पाणी एकटं जात नाही,
क्लोरीनला हाताशी धरून जातं.
मागे ऑक्सिजन ठाण मांडतो,
आणि मग ते आपलं मीठ राहत नाही."

मग? मग नवसागर.
भरपूर मिसळायचा, निर्वातात ठेवायचं,
आच एकेक पायरीनं चढवायची.
चारशेच्या आसपास नवसागर उडाला,
नळीच्या थंड टोकाशी पांढरा थर धरला,
आणि मला कुरुंदवाडच्या कासार गल्लीतला कल्हईवाला आठवला:
भाता, कथील, कापसाचा बोळा,
आणि नवसागराची चिमूट पडताच
नाकाला झोंबणारा तोच धूर.
काळंकुट्ट पातेलं आतून लख्ख व्हायचं.
मी ते व्हर्लिनला सांगत बसले,
कल्हईला इंग्रजी शब्द न सापडता, हातवारे करत.

त्यानं विचारलं, "मग भांडं नवं व्हायचं?"
"नाही. चार-सहा महिन्यांनी परत न्यावं लागायचं."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
भट्टीचा आकडा एका अंशानं खाली आला, परत वर गेला.

तिसऱ्या दिवशी नळी गार झाली.
आत कोरडी पूड, हलवली की सुळसुळणारी.
व्हर्लिननं तळघरातली ट्यूबलाइट बंद केली,
गवताच्या उंचीवर असलेल्या त्या एवढ्याशा खिडकीत
नळी धरली.
"लव्होनचा एक स्वेटर होता या रंगाचा," म्हणाला.
"दुकानात वेगळाच दिसला होता.
घरी आणून उन्हात बघितल्यावर
परत करायला निघाली होती ती.
मी म्हटलं, राहू दे."